“मावशी, मला समजतं”

“मग माझं चुकलं कुठे, सर?”

निनादचा चेहरा रडवेला झाला होता. वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाचा हा विद्यार्थी. ‘रुग्णाशी संवाद’ या परीक्षेत वर्गात पहिला आलेला, आणि ते चारचौघांना कळेल याची पुरेपूर काळजी घेतलेला.

डॉ. गुळवणींनी चष्मा पुसला. “काय म्हणालास तू शेवंताबाईंना?”

“शिकवलंय तेच. खुर्ची ओढून बसलो. नजरेला नजर दिली. म्हणालो, मावशी, मला तुमचं दुःख समजतं.”

“मग?”

“त्या म्हणाल्या, ‘समजतंय व्हय? मग सांग बघू, काय हाय ते.’”

“काय सांगितलंस?”

“…पोटात पाणी का साठतं, ते.”

बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. सुई टोचू देणार नाही, घरी जाणार, एवढंच त्यांचं म्हणणं. पोट तट्ट फुगलेलं, धाप लागलेली. पाणी काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सर उठले. निनाद मागोमाग.

सर खाटेच्या कडेला टेकले. “शेवंताबाई, तुम्ही नको का म्हणता, मला काही समजत नाही.”

निनाद चपापला. एवढा मोठा डॉक्टर, आणि पेशंटसमोर असं बोलतो?

सर वाट बघत बसले. निनादची चुळबुळ सुरू झाली.

“आमच्या ह्यांच्याबी पोटातलं पाणी काढलं हुतं,” बाई भिंतीलाच म्हणाल्या. “घरी न्यायला म्या जीप आणली हुती… मोकळीच परत धाडली.”

आता सर समजूत घालतील, धोका किती कमी ते सांगतील, असं निनादला वाटलं. सर नुसते बसून राहिले.

बऱ्याच वेळाने बाई वळल्या. “तुमी हितंच थांबणार?”

“थांबतो.”

“मग काढा.”

पाणी निघालं. धाप ओसरली, बाईंचा डोळा लागला. सर तोवर हलले नाहीत.

व्हरांड्यात निनादच्या डोक्यात नुसता गुंता. समजतं म्हणणाऱ्याकडे बाईंनी पाठ फिरवली, आणि समजत नाही म्हणणाऱ्यापुढे मन मोकळं केलं! मग एकाएकी त्याचा चेहरा उजळला.

“आलं लक्षात, सर! उद्यापासून ‘मला समजत नाही’ असंच म्हणायचं.”

सर थांबले.

“आधी समजेनासं होऊ दे.”