करंजावरच्या घंटा

फार फार वर्षांपूर्वी, ज्या राज्याच्या सीमा आज कोणालाही दाखवता येणार नाहीत, त्या राज्यात नदीकाठी एक आरोग्यशाळा होती. एका राणीने ती बांधली आणि प्रजेच्या स्वाधीन केली. तेथे रावाला आणि रंकाला एकच खाट, एकच काढा. मोबदला कोणाकडूनही घेत नसत.

मोबदल्याऐवजी एक रीत होती. बरा झालेला माणूस घरी जाताना दारातल्या करंजाला एक पितळी घंटा बांधी. शेतकरी ती सुताच्या दोरीने बांधी, मेंढपाळ लोकरीच्या, भोई जाळ्याच्या दोऱ्याने. वर्षाकाठी राजाचा अमात्य झाडाखाली उभा राहून घंटांचा गजर ऐके. गजर मोठा, तर आरोग्यशाळा थोर. मग धान्य आणि औषधीही सढळ हाताने येत.

एके वर्षी तेथे नवी मुख्य वैद्या आली. ती विदुषी होती आणि सहजासहजी प्रसन्न होणारी नव्हती. सगळे घंटा ऐकत. ती दोऱ्या पाही. दर दहा घंटांतल्या सात जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या.

"कारभारी, भोईवाडीत घरे किती?" तिने आरोग्यशाळेच्या वृद्ध कारभाऱ्याला विचारले.

"असतील तीस. पण त्यांची श्रद्धा फार मोठी, बाई."

"श्रद्धेने अतिसार होत नाही," वैद्या म्हणाली.

त्याच आठवड्यात एक भोईण तीन वर्षांच्या लेकीला उचलून धावत आली. मुलीचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. एका वर्षातली ही तिसरी खेप होती.

"हिच्या दोन घंटा वर लोंबतायत, बाई," भोईण म्हणाली. "तिसरी बांधायला ही उरंल का, तेवढं सांगा."

वैद्या मुलीच्या उशाशी बसली आणि मीठ घातलेली पातळ पेज चमच्याचमच्याने पाजत राहिली. चौथ्या दिवशी मुलीने डोळे उघडून खायला मागितले. भोईणीने पदराच्या गाठीतून घंटा काढली, तेव्हा वैद्येने तिचा हात धरला.

"थांब. आधी मला तुझे घर दाखव."

घर लहान होते, पण चूल सारवलेली, भांडी लखलखीत, पाण्याच्या घागरीवर झाकण. वैद्या कोपरान् कोपरा तपासत होती. भोईण फणकारली.

"आमच्या घरात खोट शोधू नका, बाई. पाणी म्हणाल तर नदीच्या वळणावरचं, गाळून घेतलेलं. आता धुण्याच्या दिवशी तिथं मासा फिरकत नाही, ते सोडा. आम्ही म्हणतो, आज माशांचा उपास!"

"कोणाचे धुणे?"

"तुमचंच की! वरच्या घाटावर आजाऱ्यांच्या चादरी धुतात न्हवं?"

वैद्या जागीच थबकली. राणीने दाराच्या शिळेवर नियम कोरवला होता: आजाऱ्यांची वस्त्रे सर्वांत निर्मळ पाण्यात धुवावीत. सर्वांत निर्मळ पाणी वरच्या घाटावर, म्हणून तीन पिढ्या चादरी तेथेच धुतल्या जात होत्या. नियम कोणी मोडला नव्हता. ते पाणी पुढे कोठे जाते, हेही कोणी विचारले नव्हते.

"उद्यापासून धुणे हलवू," वैद्येने परतून सारे सांगितल्यावर कारभारी म्हणाला, "पण गाजावाजा नको. लोकांना कळले, तर आपली पायरी कोणी चढणार नाही."

"आणि न सांगता हलवले, तर गाळात मुरलेली घाण वाहून जाईपर्यंत ते वळणावरच घागरी भरतील. त्या मुलीला चौथी खेप सोसणार नाही, कारभारी."

त्याच संध्याकाळी तिने भोईवाडीच्या पारावर उभे राहून सांगितले, "तुमचा आजार आमच्या घाटावरून येत होता. चूक आमची आहे. वळणावरचे पाणी भरू नका."

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे आजार तुमचा, औषध तुमचं, अन् घंटा तेवढ्या आमच्या!"

वाडीचे लोक आरोग्यशाळेकडे फिरकेनासे झाले.

आरोग्यशाळेने नदीपासून दूर सांडपाण्यासाठी खड्डे खणले. चादरी तेथे कढईत उकळू लागल्या. मग आरोग्यशाळेचे सेवक कुदळी घेऊन वाडीत आले आणि विहीर खणू लागले. वैद्या स्वतः मातीच्या पाट्या वाहत होती. वाडी दारांतून नुसती पाहत होती. आठव्या दिवशी भोईण आली आणि तिने वैद्येच्या हातातली पाटी हिसकावून घेतली.

"तुम्हाला पाटी धरता येत नाही, बाई. कंबर मोडून बसाल, मग तुम्हाला कोण बरं करील?"

दुसऱ्या दिवशी अर्धी वाडी विहिरीत उतरली.

पाणी लागले, त्या दिवशी वैद्येने जाळ्याच्या दोऱ्याच्या सगळ्या घंटा करंजावरून सोडवून वाडीला परत केल्या.

वर्ष सरले. अमात्य झाडाखाली येऊन उभा राहिला. सुताच्या आणि लोकरीच्या दोऱ्यांच्या थोड्या घंटा किणकिणल्या, कारण सगळेच आजार काही संपले नव्हते. पण गजर उठला नाही.

"आरोग्यशाळा झोपली आहे काय?" अमात्याच्या कपाळाला आठी पडली.

"घंटा आहेत, अमात्यजी. त्या ऐकायला थोडे चालावे लागेल," वैद्या म्हणाली.

भोईवाडीच्या वाटेवरच गजर कानी आला. मुले शिवाशिवी खेळत होती आणि प्रत्येकाच्या पायात पितळी घंटा वाजत होत्या. सर्वांत पुढे ती लहान मुलगी पळत होती.

"सरकार," भोईण म्हणाली, "हिच्या घंटा झाडावर होत्या, तवा ही खाटेवर होती. आता घंटा हिच्या पायात हायेत."

अमात्य बराच वेळ ऐकत उभा राहिला. त्या वर्षी धान्य कमी झाले नाही. राणीच्या शिळेवर मात्र जुन्या नियमाखाली आणखी एक ओळ कोरली गेली: आणि ते पाणी पुढे कोठे जाते, ते पाहावे.

बोध इतकाच: आजार बरा करणे ही अर्धीच सेवा, तो कोठून येतो हे शोधणे, आणि तो आपल्याच दारातून येत असेल तर तसे उघड सांगून थांबवणे, ही उरलेली अर्धी.