झाकून ठेवलेलं ऊन

हिंगणसोंड नावाच्या एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. नाव गेनबा. भोळा म्हणजे किती, तर बायकोनं सांगितलेलं एक अक्षर विसरायचा नाही. फक्त ते कुठं लावायचं, एवढंच त्याला कळायचं नाही.

त्याची गिरणी डिझेलच्या इंजिनावर चाले. इंजिन थांबलं की गेनबा तेल ओते, आणि इंजिन पुन्हा चाले. वीस वर्षं त्याचं बरं चाललं होतं. पण डिझेल महाग झालं, आणि त्याची बायको हौसा हिनं छपरावर सोलरच्या प्लेटा बसवल्या. खाली बॅटरी आली. गावातल्या बायका रानातून परत आल्यावर संध्याकाळीच दळण आणायच्या, म्हणून बॅटरी.

गावानं नाकं मुरडली. शेजारच्या बेलगावचा गिरणीवाला म्हणाला, "उन्हात पापड वाळत्यात. दळण होतंय व्हय?"

हौसा चिडली. भर देवळात म्हणाली, "शनिवारी जत्रेचा भंडारा हाय. सगळ्या गावजेवणाचं पीठ माझ्या गिरणीत दळून देते. न्हाई जमलं, तर पुढच्या सालापासनं तो मान बेलगावला द्या!"

सोमवारी ढग आले आणि गिरणी थांबली. थांबली की काय करायचं, हे गेनबाला वीस वर्षं ठाऊक होतं. डिझेलचा शेवटचा कॅन घेऊन तो छपरावर चढला आणि सगळ्या प्लेटांवर ओतला.

"अवो, याला त्याल लागत न्हाई!" हौसा ओरडली. "ऊन लागतंय, ऊन! बंद पडलं की ऊन दाखवायचं!"

"बरं," गेनबा म्हणाला.

हौसानं राख लावून प्लेटा घासल्या. मंगळवारी बॅटरी बंद पडली. गेनबानं ती डोक्यावर घेतली, छपरावर नेली आणि दिवसभर उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत बॅटरी फुगून टम्म झाली.

"अवो, तिच्यातलं पाणी कमी झालं हुतं!" हौसानं कपाळावर हात मारला. "गरम हुतंय असं दिसलं की पाणी घालायचं असतंय!"

"आधी सांगायचंस की."

बुधवारी पारूबाईंचं दळण चालू होतं. दळता दळता गिरणीचे दगड तापले. गेनबानं हात लावून पाहिला. गरम. लगेच बादली उचलली आणि गव्हाबरोबर गिरणीच्या तोंडात पालथी केली.

पारूबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. "गेनबादादा, कणीक मळूनच दिलीसा. आता पोळ्या बी लाटून द्या."

हौसाला हसावं की रडावं कळेना. दगड धुऊन वाळवायला गुरुवार गेला. त्यातच भंडाऱ्याच्या गव्हाची आठ पोती अंगणात येऊन पडली आणि गेनबानं ती उघडीच ठेवली. रात्री दव पडलं. हौसा पोती पुसत म्हणाली, "अवो, उद्या लागणारी वस्तू आजच नीट झाकून ठेवावी! एवढं बी कळंना?"

"आता कळलं," गेनबा म्हणाला.

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं. हौसाला देवळात भाजी चिरायला जायचं होतं. ती गेनबाच्या हाताला धरून म्हणाली, "हे बघा, बॅटरी गेली. आता सगळी मदार उन्हावर. संध्याकाळी अख्खं गाव पीठ न्यायला येणार हाय. माझी लाज राखा."

गेनबाला गहिवरून आलं. संध्याकाळी गाव येणार. म्हणजे ऊन संध्याकाळी लागणार. त्यानं दुपारपर्यंत वाट पाहिली, प्लेटांवर ऊन चांगलं भरपूर जमू दिलं. मग मोठी ताडपत्री आणून त्यावर घातली आणि चारी कोपरे सुंभानं घट्ट बांधले. उरलेला दिवस खाली राखण करत बसला.

दिवस मावळला. गाव जमलं. बेलगावचा गिरणीवालाही मजा बघायला आला. आठही पोती जशीच्या तशी उभी होती.

"पीठ कुठं हाय?" हौसानं विचारलं.

"ताजं दळून देतो की!" गेनबा छपरावर चढला. त्यानं ऐटीत ताडपत्री ओढली. खाली अंधार.

कुणीतरी जुनं इंजिन सुरू करा म्हणालं. इंजिन होतं, पण डिझेलचा कॅन सोमवारीच रिकामा झाला होता. हौसा मटकन खाली बसली. तिला पाहून पारूबाई पुढं झाल्या. "घरोघरची जाती काढा गं! हौसानं शब्द दिलाय, तर दळण हितंच हुईल!" गिरणीच्या अंगणात वीस जाती आली. बेलगावच्या गिरणीवाल्यालाही एका जात्याला बसवलं. पहाटेपर्यंत आठही पोती दळून झाली, मान गावातच राहिला.

सकाळी पुऱ्यांचा वास सुटला होता. हौसा आता कुठं हसत होती. एवढ्यात गेनबा ताडपत्री घेऊन धावत आला. मधोमध बोटभर भोक होतं.

"सापडलं, हौसा! सगळं ऊन हितनंच गळालं बघ! एवढं शिवून दे. पुढच्या जत्रेला आठ दिवस आधीपासनंच झाकून ठेवतो!"