समोरच्या फांदीवरचं उंबर

माणसांनी सह्याद्रीत पायवाटा पाडायच्या आधीची गोष्ट. तिथल्या दाट रानात झिपरी नावाचं एक शेकरू राहायचं. शेकरू म्हणजे झाडावरून झाडावर झेपा घेत जगणारी मोठी खार. झिपरीचं वय झालं तशी तिची लेक रेवू म्हणाली, "आई, पुष्कळ धावलीस. आता बस. मी आणून देते." झिपरी घरट्यात बसून आयती उंबरं खाऊ लागली. शेजारणींना कौतुकाने सांगायची, "लेक असावी तर अशी!"

एका सकाळी झाडावर गरुडाची सावली पडली. दोघी पळाल्या. रेवूने पलीकडच्या हिरड्यावर सहज झेप घेतली. झिपरीची झेप मात्र अपुरी पडली. एका डहाळीला लोंबकळून ती कशीबशी वाचली.

दुसऱ्या दिवशी रेवूने उंबर घरट्यात आणलंच नाही. समोरच्या फांदीवर ठेवलं.

"म्हातारीला छळतेस होय गं?" झिपरी कडाडली.

"हो," डोळे पुसत रेवू म्हणाली. "ये, घे."

लटपटत्या पायांनी, कुरकुरत झिपरी गेली. मग उंबर हळूहळू लांबच्या फांदीवर जाऊ लागलं, तशी तिची बडबडही वाढली. पण मांड्या भरल्या, पंजांची पकड घट्ट झाली.

पुढच्या उन्हाळ्यात गरुड पुन्हा आला, तेव्हा हिरड्यावर आधी झिपरी पोचली.

त्या संध्याकाळी रेवू घरट्यात आळसावून पडली होती. "आई, एक उंबर दे ना."

झिपरीने सगळ्यांत पिकलेलं उंबर निवडलं आणि समोरच्या फांदीवर नेऊन ठेवलं.