धरायला काय आहे?

“तुम्ही एकदा बसलात की सगळं गाव बसेल. बसाल ना, बाबा?”

लतीफशा फकिराने मान वर केली नाही. चिंचेखाली बसून तो वाकळेला ठिगळ लावत होता. टाका घातला, ओढला, पुन्हा घातला.

“बाबा, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं रं.” आणखी एक टाका. “भ्या वाटतंय मला.”

सुहृद पारसनीस बघतच राहिला. ज्या फकिराकडे धामणमळ्याची अर्धी माणसं भीती उतरवायला येत, त्यालाच भीती वाटते हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सुहृद शहरातला. नव्या धाटणीच्या वस्तू बनवणारा. या नदीवर त्याने तारेवरून माणसं पलीकडे नेणारा पाळणा बांधला होता. अलीकडे धामणमळा, पलीकडे दवाखान्याचा रस्ता, आणि मधे बंधाऱ्यामागे तुंबलेलं हिरवं पाणी, तीन पुरुष खोल. पाळणा मात्र बघत राहावा असा. अंड्याच्या आकाराचा, आरपार दिसणारा. आत एक गुळगुळीत बाक, बस्स. खिळा नाही, सांधा नाही, दांडी नाही. पायाखालची जमीनसुद्धा आरपार. शहरात पाळण्याच्या चित्रांपुढे लोक थांबून थांबून बघत. बक्षीसही मिळालं होतं.

दीड महिना झाला, त्यात चिटपाखरू बसलं नव्हतं.

गाव अजून काहिलीतूनच पलीकडे जात होतं. गुऱ्हाळात उसाचा रस कढवायची ती भलीमोठी लोखंडी कढई. तिच्या काठाला चार कड्या, आणि बसायला सहा-सात माणसं. गेल्या आषाढात ती भर पाण्यात उलटली आणि दोघं गेले. त्यातल्या महिपतीची बायको सारजा आता अलीकडच्या काठावर पाळण्याचं बटण दाबायची. रिकामा पाळणा जायचा, रिकामा यायचा. आणि ती स्वतः माहेरी निघाली की काहिलीत बसायची!

मिरगाला पंधरा दिवस उरले होते. एकदा पाणी चढलं की काहील पुन्हा कधी उलटेल याचा नेम नव्हता. वर आपला रिकामा पाळणा लोंबतोय आणि खाली माणसं बुडतायत, हे चित्र सुहृदच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. त्याला भीती वाटत होती. फक्त ती माणसांसाठी वाटते की पाळण्यासाठी, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

“तुला न्हाई वाटत भ्या?” फकिराने विचारलं.

“मला? अहो, मी बांधलाय तो.”

“बसलायस?”

सुहृदने खिशातली पोलादी मोजपट्टी काढली. बोलताना तो ती बाहेर ओढायचा आणि सोडून द्यायचा. सवयच होती.

टक्.

“वाळूची पोती भरून तीनशे खेपा केल्यात, बाबा. बसणार चार माणसं, आणि मी घातलं चौदा माणसांचं ओझं. तारेला काही म्हणता काही झालं नाही.”

“पोती काय म्हनली?”

“पोती काय म्हणणार?”

“भ्याली का?”

टक्. टक्.

“तुमच्या गावाचं एक कळत नाही मला,” सुहृद तापून म्हणाला. “मरण चालतं, नवीन काही चालत नाही.”

“काहिलीला कडी हाय.”

“कडी! महिपती कडी धरूनच बुडाला ना? हात सोडवायला दोन माणसं लागली म्हणे.”

“व्हय. एक त्याचा भाऊ. दुसरा म्या.”

सुहृदने मोजपट्टी आवरती घेतली.

“मग काय वाचवलं त्या कडीनं?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“काय न्हाई वाचवलं.” फकिराने वाकळ उलटी केली, मागचा टाका बोटाने चाचपला. “पर तुझ्यात धरायला काय हाय?”

“धरायची गरजच नाही! तेच तर त्यातलं नवं आहे, बाबा. पडणं शक्यच नाही म्हटल्यावर माणसानं धरायचं कशाला?”

फकिराने दाताने दोरा तोडला. सुई टोपीत खोचली.

“चल. दोघंबी बसू.”

सुहृदने मोजपट्टी खिशात ठेवली. आधी पोती होती, मग फोटो काढायचे होते, मग यंत्राजवळ कोणीतरी जाणकार उभं राहायला हवं होतं. आपण कधी बसलोच नाही, हे त्याच्या इतक्या दिवसांत ध्यानात आलं नव्हतं. आलं असेल तरी त्याने ते बाजूला सारलं होतं.

काठावर सारजा बटणाशी बसली होती. फकिराला बघून ती उठली.

“बाबा, तुमी बसताय?”

“व्हय. सारजा, पाळना मधी थांबीव. शंभर मोज. मग माघारी घे.”

“मधी? ते कशाला, बाबा?”

“नदी बघायची हाय.”

सारजाने सुहृदकडे पाहिलं. “सायबबी बसत्यात?”

सुहृद हसला. तोंडाला कोरड पडली होती, त्यामुळे ते हसणं काही जमलं नाही.

“बसत्यात,” फकीर म्हणाला.

दोघं आत शिरले. सुहृद बाकावर टेकला. फकीर त्याच्या शेजारी उभाच राहिला. बसायचा धीर होईना. डावा तळवा त्याने भिंतीला टेकवला, सुहृदच्या खांद्याच्या जरा वर. ओठ हलत होते.

दार आपोआप मिटलं. त्याचा आवाज येऊ नये म्हणून सुहृदने महिनाभर डोकं लढवलं होतं, आणि खरंच, आवाज आला नाही. दाराला आतून कडी नव्हती. ती नको, हेही त्यानेच ठरवलं होतं.

काठ मागे सरकला. खडक गेले, लव्हाळी गेली. मग पायांखाली नुसतं पाणी.

पाळणा थांबला.

आणि झुलू लागला. पुढे… मागे…

झुलणारच. इतकं झुलणार हे सुहृदने कागदावर मांडलेलं होतं. पाळणा कोणी थांबवला, का थांबवला, किती वेळ थांबणार, तेही त्याला ठाऊक होतं. ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. तळपायाला कळ लागली होती, आणि ती वर चढत होती.

त्याने खाली पाहिलं. पाहायला नको होतं. आपल्याच बुटांच्या मधोमध त्याला काहील दिसली. सहा माणसं, एका बाईच्या कडेवर तान्हं. बाईचा दुसरा हात कडीवर. सगळी माना वर करून पाळण्याकडे बघत होती आणि कोणीतरी देवाचं नाव घेत होतं. वर अडकलेल्या दोघांसाठी घेत होतं.

वारा आला. पाळणा तारेवर जरासा वळला.

सुहृदचा हात बाकाच्या कडेकडे गेला. बाकाला कड नव्हती, गोलाई होती. हात घसरला. मग भिंत. काचेसारखी लख्ख, गुळगुळीत. बोटं फिरली, नखं घासली, पुन्हा घसरली. ही भिंत घासून घासून इतकी नितळ करायला त्याला चार महिने लागले होते. त्याने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे महिपतीची मूठ आली. ती त्याने कधी पाहिली नव्हती, तरी आली.

मग हाताला काहीतरी लागलं. काय ते त्याने पाहिलं नाही. नुसतं धरलं.

“बाबा… तिला हाक मारा. चालू कर म्हणावं.”

“साठ झालं.” फकिराचा आवाज कापत होता. “एकसष्ट… बासष्ट…”

“बाबा, पाया पडतो तुमच्या…”

“त्रेसष्ट. दम धर, लेका. मलाबी भ्या वाटतंय. चौसष्ट…”

शंभर कधी झाले, सुहृदला कळलं नाही. हिसका बसला, पाणी मागे जाऊ लागलं. लव्हाळी आली, खडक आले. दार उघडलं तसा तो हात टेकतच बाहेर पडला आणि मातीवर बसला. सारजाने तांब्या पुढे केला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

ती त्याला हसली नाही. नुसती त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. ती बोटं अजून आखडलेली होती, कशाभोवती तरी वळल्यासारखी.

“असाच हुता त्यांचाबी हात,” ती म्हणाली.

सुहृदने मान खाली घातली. तारेबद्दल, पोत्यांबद्दल तिला सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. त्याने तांब्या खाली ठेवला.

बऱ्याच वेळाने त्याला फकिराची आठवण झाली. त्याने वळून पाहिलं.

फकीर पाळण्यातच होता. होता तिथेच, तसाच उभा, डावा तळवा भिंतीला टेकवून. म्हातारा हात खांद्यापासून लटलटत होता. मनगटावर नखांच्या चार खुणा उमटल्या होत्या. एकीतून रक्त आलं होतं.

“अगं बाई! बाबा, रगात…” सारजा पुढे धावली.

फकिराने मानेनेच तिला थांबवलं.

सुहृद उठून दारापाशी गेला. त्या चार खुणांकडे बघताना त्याला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही.

“बाबा, चुकलं माझं. उतरा ना आता. हात खाली घ्या.”

फकिराने हनुवटीने सुहृदच्या खिशाकडे खूण केली.

“पट्टी हाय न्हवं? म्या हात हालवला न्हाई. कडी हितं. माप घे.”