हरकत नाही

“मग ‘हो’ कोण म्हणालं?” बाईंनी विचारलं.

निनाद सामंतला प्रश्नच कळला नाही.

“सगळेच म्हणाले, बाई. टेस्टिंग, सिक्युरिटी, हॉस्पिटल. सगळ्यांची मंजुरी आल्याशिवाय माझ्या प्रक्रियेत रिलीजचं बटण उजळतच नाही. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आहे सगळं.”

बटण उजळलेलं होतं. हिरवंगार.

ते दाबलं की हॉस्पिटलच्या बालविभागात औषधाचा डोस काढणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू होणार होती. दुपारी बाराला. हे नीट पार पडलं की निनादने आखलेली रिलीजची प्रक्रिया सगळ्या कंपनीला लागू करायची, असं डायरेक्टरसाहेब भर मीटिंगमध्ये बोलून बसले होते. निनादने त्यासाठी नवा शर्टही घातला होता. कॉलरवरची टाचणी काढायची तेवढी राहिली होती.

हेमलताबाईंनी कंपनीतल्या निम्म्या लोकांना काम शिकवलेलं. म्हणून त्या सगळ्यांच्याच ‘बाई’. बारा वाजायला आले होते, आणि त्या स्क्रीनकडे बघतही नव्हत्या.

“फोन लाव. स्पीकरवर.”

त्याने टेस्टिंगच्या पवारला लावला.

“अरे, कळवलंय की! आमची हरकत नाही.”

मग सिक्युरिटीच्या शिरीनला.

“माझ्याकडून काही हरकत नाही बुवा. टेस्टिंगने बघितलंय ना?”

मग हॉस्पिटलच्या डॉक्टरांना.

“अहो, यातले जाणकार तुम्ही. आमची काय हरकत असणार?”

निनादने फोन खाली ठेवला. बघा, अशा चेहऱ्याने बाईंकडे पाहिलं.

“आणि तुझं?”

“माझी कसली हरकत, बाई...”

वाक्य तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं.

त्याची नजर स्क्रीनवरून घसरून टेबलाच्या कडेला जाऊन थांबली.

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग माझीही नाही.”

त्यांनी माऊस आपल्याकडे ओढला. बाण सरकत सरकत हिरव्या बटणावर गेला. बोट उचललं गेलं...

निनादने त्यांचं मनगट धरलं.

बाईंचा हात असा कुणी कधी धरला नव्हता.

“सोड.”

“नाही.”

“कोणाची हरकत आहे?”

त्याचा फोन वाजायला लागला. डायरेक्टरसाहेब.

“माझी...”

“ऐकू नाही आलं.”

“माझी! माझी हरकत आहे! सोमवारी मी चालवून बघत होतो, तेव्हा एका तान्ह्या बाळाचं वजन साडेतीनाचं चार दाखवलं. एकदाच. पुन्हा उघडलं तर बरोबर. मला वाटलं... टेस्टिंग बघेल.”

“हे मला नको सांगूस.”

बाईंनी हनुवटीने वाजणाऱ्या फोनकडे खूण केली.

त्याने उचलला. सोमवारचं सगळं सांगितलं, रिलीज थांबवल्याचंही. एका दमात, मधे ‘म्हणजे’ न घालता.

“थांबवलंय?” साहेबांचा आवाज चढला. “कुणी?”

निनादने बाईंकडे पाहिलं. बाई पदराने चष्मा पुसत होत्या. अगदी मन लावून.

“मी, सर.”

साहेबांचा आवाज खाली आला.

“...डॉक्टरांना तूच सांग. आणि मग केबिनमध्ये ये.”

निनादने डॉक्टरांना कळवलं. हिरवं बटण विझवलं. मग तसाच उभा राहिला. नव्या शर्टची पाठ पार भिजली होती.

“बाई, सगळ्यांची मंजुरी असताना एकट्याने उठून अडवायचं... हे मानकात कुठेच बसत नाही.”

बाई उठल्या. आपली खुर्ची त्यांनी त्याच्याकडे सरकवली.

“मग तू बस.”