नदीकडे पाठ करणाऱ्या आया

एका कॅरिबियन बेटावरच्या सेंट ऑरेलिया या जुन्या गावात काळी नदी समुद्राला मिळते. पाणी खरं तर काळं नाही. ओंजळीत घेतलं तर कोऱ्या चहासारखं दिसतं. दलदलीतली पानं वर्षानुवर्षं त्यात मुरत आलीत, म्हणून. पावसाळा सरला की एका रविवारी गावातली लहान मुलं इथल्या उथळ फाट्यात पहिल्यांदा उतरतात, आणि त्यांच्या आया नदीकडे पाठ करून उभ्या राहतात. पोर पलीकडे लागेपर्यंत वळून बघायचं नाही. नव्या माणसाला वाटतं, कसल्या आया या! मग धक्क्यावर तिखट झिंगे विकणाऱ्या मिस व्हेरोना त्याला बाकावर बसवतात, झिंग्यांचा पुडा हातात देतात आणि फिबाची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, हे गाव लाकडावर जगायचं. लॉगवुड नावाचं झाड. त्याचा गाभा उकळला की तांबडा-जांभळा रंग उतरतो. साता समुद्रापलीकडचे कपडे त्यात रंगायचे आणि इथे व्यापाऱ्यांची दुमजली घरं उठायची. झाडं तोडणारे हात आधी गुलामांचे होते, नंतर त्यांच्याच सुटलेल्या लेकरांचे. हे लाकूड इतकं जड की पाण्यात पडलं की दगडासारखं तळाला. म्हणून पामच्या हलक्या खोडांचा तराफा बांधायचा आणि त्यावर लादून ते खाली आणायचं. अशाच एका तराफ्यावरून फिबाचा नवरा गेला. नदीने त्याला परत दिलं नाही.

तेव्हा फिबाने शपथ घेतली, की तिच्या एकुलत्या क्वाकोच्या पायाला नदी लागणार नाही. त्याची अंघोळसुद्धा पावसाच्या साठवलेल्या पाण्याने. पोर दाराबाहेर पडलं की ही मागोमाग. बाया म्हणायच्या, फिबा, त्याच्या सावलीला एखाद दिवस रजा दे. तिला कळत नव्हतं असं नाही. रोज ती स्वतःला बजावायची, उद्यापासून नाही जायचं मागे. आणि सकाळी पोर नुसतं शिंकलं की सगळं मुसळ केरात.

राहायची मात्र ती नदीतल्याच एका बेटावर. लाकूडतोड्यांना गावात जागा कोण देणार? एका वर्षी वर डोंगरात वादळ झालं आणि नदी फुगू लागली. होड्या वाहून गेल्या. बेटावरची माणसं आपापली पोरं पाठीशी बांधून पोहत पलीकडे गेली. फिबाला पोहता येत नव्हतं. झोपडीमागे पामचं एक खोड पडलं होतं, पोराला पेलेल, बाईला नाही, असं. पाणी अजून चढत होतं, धावत नव्हतं. तिने क्वाकोला खोडावर पालथं घातलं आणि ढकललं.

पोर थोडं गेलं, मग त्याने मागे वळून बघितलं. आईचा चेहरा बघून त्याला वाटलं, पुढे काहीतरी भयंकर असणार. ते परत आलं. तिने पुन्हा ढकललं, पुन्हा तेच. एव्हाना पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत चढलं होतं.

पलीकडच्या काठावर म्हातारी कुबा उभी होती. जन्मभर होडी हाकलेली बाई. तिने हाक दिली, असं सांगतात: "पोरी, त्याला नदी नाही गं बुडवत. तुझं तोंड बुडवतंय. पाठ फिरव."

फिबाने पाठ फिरवली. मागून क्वाको हाका मारत राहिला. तिने झोपडीचा खांब कवटाळला आणि मान हलू दिली नाही. मग पोराला राग आला, म्हणे. आई बघतसुद्धा नाही! त्या रागात पाय झाडत झाडत ते कुबाच्या हातात जाऊन पडलं.

पुढचं दोन तऱ्हांनी सांगतात. चर्चमधले म्हणतात, फिबा तिथेच बुडाली आणि त्या जागी लॉगवुडचं झाड उगवलं. मिस व्हेरोनांना हे मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते दोन गडी तेच खोड घेऊन पोहत परत गेले आणि तिला ते नुसतं धरायला लावून दोन्ही बाजूंनी ओढत घेऊन आले, आणि वाटभर ती विचारत होती, पोराच्या नाकात पाणी गेलं का.

"बुडाली असती, तर तिची मान कशी ठणकत होती हे आम्हाला कुणी सांगितलं असतं?" त्या म्हणतात.

त्यानंतर फिबाने आपली शपथ मोडली आणि गावाला नवी घातली. प्रत्येक पोराने पाण्यात उतरायचं, प्रत्येक आईने पाठ फिरवायची.

लॉगवुडचा बाजार कधीच उठला, दुमजली घरांना वाळवी लागली. पण आजही त्या रविवारी आया नदीकडे पाठ करून उभ्या राहतात. त्यांच्या समोर, नदीकडे तोंड करून, गावातल्या म्हाताऱ्या बसतात. आया डोळ्यांत प्राण आणून त्यांचे चेहरे वाचत असतात. म्हाताऱ्या मोठ्या खमक्या. ऊस चघळतात, कुणाच्या तरी सुनेविषयी बोलतात, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू देत नाहीत. मग त्यांच्यातली एक चघळायची थांबते आणि हसते. आणि समोरची आई उभ्या जागी मटकन खाली बसते.