जैतूनबीचा बिनसांध्याचा बुरणूस

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, ते मला विचारू नका. माझ्या आज्यालाही त्याच्या आज्यानं नुसतं ‘फार’ एवढंच सांगितलं होतं.

तेव्हा आपल्या आवळजाई गावाच्या खालच्या आळीत जैतूनबी नावाची पिंजारीण राहायची. लोकर पिंजायचं काम तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. बाप गेला आणि तिच्याकडे राहिली त्याची पिंजण, म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी कमान. तिच्या ताणलेल्या तातीवर, म्हणजे आतड्याच्या दोरीवर, लाकडी ठोकळा मारला की ‘टंग्ग’ असा आवाज व्हायचा आणि खालची लोकर भातासारखी फुलून यायची.

जैतूनबी बुरणूस करायची. बुरणूस म्हणजे घोंगडं नव्हे, नीट ऐका. घोंगडं विणतात. बुरणुसाला माग नाही, धागा नाही, सुईसुद्धा लागत नाही. पिंजलेली लोकर चटईवर थरावर थर पसरायची, रिठ्याचं गरम पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळायची आणि दिवसभर पायांनी तुडवायची. तुडवता तुडवता लोकर लोकरीत शिरते आणि घट्ट बसते. मग कुठली लोकर कुठल्या मेंढीची, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

बुरणूस इतरही करत होते. पण जैतूनबीच्या बुरणुसात घागर ओतली तरी खाली थेंब येत नसे, असं म्हणतात. शिवाय ती त्यात चित्र मांडायची. काळी, पांढरी आणि करडी अशा तीनच रंगांच्या लोकरीत ती डोंगर, तळं, पाऊलवाट सगळं उभं करायची.

तिचं नाव गडावर गेलं. किल्लेदारानं हुकूम धाडला, सदरेवर अंथरायला बारा हात रुंद आणि वीस हात लांब, एकही सांधा नसलेला बुरणूस पाडव्याला हजर करावा. केलास तर गडाची पिंजारीण म्हणून मान मिळेल, नाही केलास तर पिंजण गडावर जमा होईल. जैतूनबी भ्यायली नाही. उलट हरखली. खोटं कशाला बोला, तिला तेच हवं होतं.

दोन वर्षं ती राबली. कड मुद्दाम सैल ठेवायची, तिच्यात नवी लोकर घालायची, पुन्हा तुडवायचं. आपला सगळा माळ, डोंगरातळ्यासकट, तिनं त्या बुरणुसात उतरवला. शेवटी एकच कोपरा राहिला, आभाळाचा, आणि पांढरी लोकर संपली.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. होळी पेटल्याशिवाय मेंढीला कातर लावत नाहीत. आणि एकदा लावली की कळप अर्धा सोडत नाहीत. होळीला अजून पंधरा दिवस होते, पण थांबलं तर पाडवा चुकला असता. जैतूनबी धुळबा धनगराच्या वाड्यावर गेली आणि त्याच्यापुढे पदर पसरला. धुळबानं आभाळाकडे बघितलं, ऊन लख्ख होतं. भिडेपोटी तो हो म्हणाला. सव्वाशे मेंढ्या उघड्या झाल्या.

कोपरा भरला, बुरणूस पुरा झाला. आणि तिसऱ्या दिवशी, दुपार कलताना, उत्तरेकडून आभाळ फाटलं. आवळ्याएवढ्या गारा पडल्या आणि पाठोपाठ असा वारा सुटला की दातखिळी बसावी. अंगावर लोकर नसलेल्या मेंढ्या एकमेकींत तोंडं खुपसून थरथरू लागल्या. धुळबाच्या बायकोनं, तान्याईनं, घरातलं घोंगडं अन् घोंगडं बाहेर काढलं. ते कितीकांना पुरणार? तीन मेंढ्या डोळ्यांदेखत आडव्या झाल्या.

जैतूनबी धावत आली. धुळबा आडव्या झालेल्या मेंढीच्या उघड्या पाठीवर आपलं मुंडासं पसरत होता. तेच तिला लागलं.

ती घरी गेली, बुरणूस खांद्यावर ओढत घेऊन आली आणि धुळबाचीच कातर उचलली. धुळबानं तिचा हात धरला.

“जैतूनबी, दोन वर्षं गेलीत ह्याच्यात. बापाची पिंजण जाईल तुझी.”

“विणलेलं असतं तर उसवलं असतं, दादा,” ती म्हणाली. “हा कुठंही कापला तरी उसवत नाही. आणि लोकर कुणाची आहे? त्यांचीच ना? सोड हात.”

तिनं कापायला सुरुवात केली. हातभर तुकडा, मधे चीर, चिरेतून मेंढीची मुंडी बाहेर. दिवेलागणीपर्यंत ती कापत होती आणि बुरणूस काही संपेचना, असं म्हणतात. मला विचाराल तर संपला. शेवटच्या कोकराला तिनं स्वतःच्या अंथरुणाचा तुकडा कापून घातला. पण त्या तिघींवर चौथी मेंढी गेली नाही, हे खरं.

पाडव्याला गडाचा माणूस आला. बुरणूस कुठाय, म्हणाला. जैतूनबीनं माळाकडे बोट केलं. कुणाच्या पाठीवर डोंगर, कुणाच्या पाठीवर तळं, आणि एका कोकराच्या पाठीवर आभाळाचा पांढरा कोपरा. सगळा बुरणूस चरत होता. तो माणूस मेंढ्यांमागे फिरून चित्र जुळवत राहिला, असं म्हणतात. पण हुकूम तो हुकूम. तिनं स्वतः तात सैल केली आणि पिंजण त्याच्या हातात दिली.

त्याच्यासमोर ती रडली नाही. नंतर मात्र पिंजणीच्या रिकाम्या खुंटीखाली बसून तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी तान्याई पाटीभर लोकर घेऊन आली, शेजारी बसली आणि बोटांनीच पिंजायला लागली. मग आणखी दोघी आल्या. संध्याकाळपर्यंत अंगणात बसायला जागा नव्हती. तेव्हा कुठे जैतूनबी उठली आणि तिनं रिठ्याचं पाणी तापत ठेवलं.

गडावर ती पिंजण कुणालाच वाजवता आली नाही. पण गारा पडायच्या आधी ती आपोआप ‘टंग्ग’ करते, असं म्हणतात. शिकलेले लोक म्हणतात, वारा असेल. असू दे की वारा. आवाज आला की आपले धनगर मेंढ्या आत घेतात, बास झालं.

आजही होळीच्या दुसऱ्या दिवशी पहिली मूठभर लोकर जैतूनबीच्या थडग्यावर ठेवतात. त्या दिवशी गावात कुणाची पिंजण वाजत नाही. सगळे बोटांनी लोकर पिंजतात आणि मिळून एक बुरणूस तुडवतात. आणि दिवस कलला की तोच बुरणूस कापतात. पहिला तुकडा सगळ्यांत धाकट्या कोकराला, मग घरटी एकेक. कातर धरायचा मान गावात आलेल्या नव्या सुनेचा. एवढा सुरेख बुरणूस बघून तिचा हात दरवर्षी अडखळतो. मग गर्दीतून कुणीतरी म्हातारी म्हणते, “काप गं पोरी. उसवत नाही.”